सेकंड सर्व्हसाठी मनातला सराव: सहा आठवड्यांच्या नोंदी

५ जानेवारी

एकच फटका घ्यायचा ठरलं: सेकंड सर्व्ह, म्हणजे पहिली सर्व्ह चुकल्यावर मिळणारी दुसरी संधी. फोरहँड, रिटर्न, व्हॉली असं सगळं एकदम हाती घेतलं तर कशाचीच धड नोंद राहत नाही. सर्व्ह निवडायचं कारण साधं आहे. चेंडू आपल्या हातात असतो, सुरुवात स्थिर असते आणि दर वेळी हालचाल तीच असते. मनात जशीच्या तशी उभी करता येईल अशी टेनिसमधली ही एकमेव गोष्ट.

मोजणी: ४० सेकंड सर्व्ह, २० ड्यूस कोर्टातून (मध्यरेषेच्या उजवीकडून) आणि २० ॲड कोर्टातून (डावीकडून), दहा-दहाच्या गटात. सर्व्हिस बॉक्स, म्हणजे सर्व्ह जिथे पडायला हवी तो चौकोन, नेटपासून ६.४० मीटर खोल आणि ४.११५ मीटर रुंद असतो. सर्व्हिस लाइनच्या २ मीटर अलीकडे जमिनीवर चपटी पट्टी लावायची. पट्टीपलीकडे पडली तर २ गुण, अलीकडे पडली तर १, फॉल्टला शून्य. फॉल्टपुढे कारणही लिहायचं: ‘ने’ म्हणजे नेट, ‘लां’ म्हणजे लांब, ‘बा’ म्हणजे बाजूला. बेरजेपेक्षा ही कारणंच पुढे जास्त कामाला येतील.

दोन सर्व्हमध्ये २० सेकंद जाऊ द्यायचे. टोपलीतून एकामागून एक मारत सुटलं की आधीच्या सर्व्हची लय पुढच्या सर्व्हला उचलून नेते आणि आकडा फुगतो. सामन्यात अशी सलग चाळीस सेकंड सर्व्ह कोणाला मिळते?

तुलनेसाठी मनात अजिबात न घोकलेला एक फटका हवा. आधी पहिली सर्व्ह सुचली होती, पण ग्रिप (रॅकेटची पकड) आणि टॉसचा (सर्व्हसाठी चेंडू वर उडवण्याचा) बराचसा भाग दोन्हींत सामायिक असल्याने एकीचा फायदा दुसरीत झिरपणार. म्हणून बॅकहँड क्रॉसकोर्ट (कोर्टाच्या तिरप्या दिशेत), हाताने टाकलेल्या २० चेंडूंवर.

७ जानेवारी

व्हिडिओ. फोन बेसलाइनच्या (कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या) मागे, थोडा उजवीकडे, छातीच्या उंचीवर. सेकंदाला ६० फ्रेम. दहा सर्व्ह घ्यायच्या आणि फॉल्ट वगळून उरलेल्यांची सरासरी काढायची.

मोजायचे टप्पे तीन: पहिल्यांदा चेंडू आपटल्यापासून तो टॉससाठी हातातून सुटेपर्यंत, सुटल्यापासून रॅकेटला लागेपर्यंत, आणि लागल्यापासून पलीकडे जमिनीवर पडेपर्यंत. मधला टप्पा ५४ फ्रेमचा आला तर ०.९ सेकंद. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे. मनातल्या प्रत्येक सर्व्हला यांच्याशीच जुळवायचं आहे.

८ जानेवारी

मनातल्या सर्व्हचा वेळ. इथेच पहिली अडचण आली: खेळाडूने स्वतःच स्टॉपवॉचचं बटण दाबलं की लक्ष अंगठ्यावर जातं. डाव्या हातात घड्याळ द्यावं तर तोच टॉसचा हात. म्हणून दोन वेगळ्या पद्धती ठेवल्या.

पूर्ण क्रमासाठी (पहिलं आपटणं ते फटका) घड्याळ जोडीदाराकडे. खेळाडू सुरुवातीला ‘हं’ म्हणतो आणि चेंडू रॅकेटला लागल्यावर पुन्हा ‘हं’. जोडीदाराच्या बोटाला होणारा उशीर दोन्ही टोकांना साधारण सारखा असल्याने फारसा फरक पडत नाही.

टॉस ते फटका हा टप्पा मात्र सेकंदाच्या आसपासचा, हाताच्या घड्याळाने मोजण्यात अर्थ नाही. त्यासाठी फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. चेंडू हातातून सुटताना जिभेने एक ‘टक्’, रॅकेटला लागताना दुसरा ‘टक्’. रेकॉर्डिंगच्या आलेखावर दोन टोकं स्पष्ट दिसतात, त्यांमधलं अंतर वाचायचं.

कल्पनेतल्या हालचालीला खऱ्या हालचालीइतकाच वेळ लागायला हवा, ही अपेक्षा हवेतून आलेली नाही. देसेती, जानरो आणि प्राब्लाँ या संशोधकांनी १९८९ मध्ये ठरावीक अंतर प्रत्यक्ष चालायला आणि मनात चालायला लागणारे वेळ ताडून पाहिले होते, आणि ते जुळले होते. पण ते चालणं होतं. सर्व्हमध्ये मन सर्वांत आधी खातं ते टॉसचं लोंबकळणं. व्हिडिओत ०.९ आणि ‘टक्-टक्’मध्ये ०.५ आलं, तर मनातला चेंडू वर जाऊन थांबतच नाही असं समजायचं. हातातून सुटल्यावर १.२ मीटर वर चढायला खऱ्या चेंडूला जवळपास अर्धा सेकंद लागतो. ही गुरुत्वाकर्षणाची चाल आहे, खेळाडूच्या घाईने ती बदलत नाही. मनात बदलली तर हात टॉसच्या आधी वर जायची सवय घोकली जाते आणि कोर्टावर फटक्याची वेळ चुकते.

ठरवलेली मर्यादा: फरक दहा टक्क्यांच्या आत. तोवर पुढे जायचं नाही.

१० जानेवारी

स्क्रिप्टचा पहिला मसुदा आणि त्याची चिरफाड.

मसुद्यातलं वाक्य: ‘मी आत्मविश्वासाने उभा आहे, टॉस सुंदर वर जातो, मी जोरदार किक सर्व्ह मारतो आणि चेंडू बॉक्समध्ये पडतो.’ हे वाचून शरीराला करायला काहीच मिळत नाही. ‘सुंदर’ आणि ‘जोरदार’ ही प्रेक्षकाची भाषा आहे. (किक सर्व्ह म्हणजे फिरकीने उंच उसळणारी सर्व्ह.)

दुरुस्त स्क्रिप्ट (उजव्या हाताचा खेळाडू, ॲड कोर्ट, डावखुऱ्याने दिशा उलटवाव्यात):

‘तर्जनीचं मूळ मुठीच्या दुसऱ्या कंगोऱ्यावर, काँटिनेंटल ग्रिप. खालची तीन बोटं सैल. चेंडूची लव तळहाताला लागते. चार वेळा आपटणं, चौथ्यानंतर थांबणं. नजर नेटच्या पट्टीवर: तिथे एक रॅकेट उभी धरली तर तिच्या टोकाशी जी जागा येईल, ती खिडकी. श्वास आत. डावा हात सरळ, कोपर न मोडता वर, चेंडू डोळ्यांच्या उंचीला सुटतो. वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर, गुडघे वाकलेले, पोटऱ्यांत ताण. चेंडू डोक्याच्या वर, किंचित डावीकडे. डावा हात अजून वरच. रॅकेट पाठीमागे पडते, तिचं वजन मनगटात जाणवतं. कड आधी वर निघते. श्वास सुटतो. तारा चेंडूला खालून वर, डावीकडून उजवीकडे घासतात, घासल्याचा आवाज ‘ठक्’पेक्षा लांबट. चेंडू खिडकीतून जातो, हवेत डावीकडे वळतो, खाली पडतो आणि उसळून उजवीकडे जातो. डावा पाय कोर्टात उतरतो. स्प्लिट स्टेप.’

टिपणं: स्प्लिट स्टेप म्हणजे पुढच्या चेंडूसाठी सज्ज व्हायची दोन्ही पायांवरची छोटी उडी. एका रॅकेटची लांबी साधारण ६८.५ सेंटिमीटर. नेट मध्यावर ०.९१४ मीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर. ॲड कोर्टातून बाहेरच्या कोपऱ्याकडे मारायची असेल तर चेंडू नेटच्या उंच भागावरून जातो, म्हणून खिडकी जमिनीपासून न मोजता नेटच्या पट्टीपासून मोजायची.

चार आपटण्यांऐवजी तीन किंवा पाच चालतील, पण खेळाडू प्रत्यक्ष जितकी आपटतो तितकीच. स्क्रिप्टसाठी सवय बदलायची नाही.

१२ जानेवारी

जागा आणि पोशाख. मनातला सराव गादीवर, डोळे मिटून, अंग सैल सोडून करायचा ही समजूत जुनी आणि चिवट आहे. त्याने झोप छान लागते, एवढंच. सर्व्ह आडवं पडून मारत नाहीत.

होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेला पेटलेप आराखडा (सात इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव) इथे वापरला आहे. शरीराची स्थिती, परिसर, काम, वेळ, शिकण्याचा टप्पा, भावना आणि दृष्टिकोन अशा सात बाबतींत मनातला सराव प्रत्यक्षाच्या जवळ आणायचा, हा त्याचा गाभा. व्यवहारात त्याचा अर्थ असा: खेळायचेच बूट, हातात स्वतःची रॅकेट, डाव्या हातात चेंडू, शक्यतो बेसलाइनवरच उभं राहून. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. पुष्कळांना समोरचा खरा बॉक्स दिसत असताना चेंडूची वाट आखणं सोपं जातं.

लहानसहान हालचाल झाली तर दाबायची नाही. पोटरीत चढणारा ताण, खांद्याची किंचित हालचाल उपयोगाची आहे. पूर्ण स्विंग मात्र नको, नाहीतर तो सावलीचा सराव (चेंडूशिवाय केलेली खरी हालचाल) होतो आणि त्याची मोजदाद वेगळी करावी लागेल.

१४ जानेवारी

आतून की बाहेरून? खेळाडू ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहतोय’ असं सांगतो खरा, पण तपासायचं कसं? एक प्रश्न पुरतो: रॅकेट पाठीमागे पडलेली दिसली का? दिसली असेल तर तो बाहेर उभा राहून स्वतःकडे बघत होता. आतून पाहताना पाठीमागची रॅकेट दिसणं शक्यच नाही, तिचं फक्त वजन जाणवतं. आतून दिसायला हवं ते एवढंच: वर गेलेला डावा हात, चेंडू, त्यामागे आभाळ किंवा छत, आणि फटक्याच्या क्षणी वरून आलेली रॅकेटची झलक. टॉस वर असताना प्रतिस्पर्धीसुद्धा दिसत नाही, नजर वर असते.

बाहेरचं दृश्य टाकाऊ नाही. गुडघे किती वाकले, टॉस कुठे गेला हे तपासायला व्हिडिओसारखं तेच बरं. म्हणून नियम: आठवड्याला एक सत्र बाहेरून, चूक शोधण्यापुरतं. बाकी सगळी आतून.

१७ जानेवारी

मात्रा ठरली. मनात ३, मग खऱ्या ३, असे ५ गट. दोन फेऱ्यांमध्ये २० सेकंद. एकूण १२ मिनिटांच्या आसपास.

याहून लांबवण्यात फायदा दिसत नाही. ड्रिस्केल, कॉपर आणि मोरन यांनी १९९४ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यात साधारण २० मिनिटांपलीकडे नेलेल्या मानसिक सरावाचा उपयोग घटतो असं निघालं. त्याच आढाव्यात आणखी दोन कामाच्या गोष्टी होत्या. मनातल्या सरावाने फरक पडतो, पण प्रत्यक्ष सरावाइतका नाही. आणि सराव थांबवला की परिणाम दोनेक आठवड्यांत अर्ध्यावर येतो. म्हणजे हा प्रत्यक्ष सर्व्हला पर्याय नव्हे, आणि महिन्यातून एकदा भक्तिभावाने करण्यातही काही हशील नाही. तिसऱ्या दिवसापलीकडे खंड नको.

प्रत्येक फेरीनंतर १ ते ५ गुण: १ म्हणजे नुसते शब्द आठवले, ५ म्हणजे प्रत्यक्ष मारल्यासारखं वाटलं. सलग दोनदा ३ च्या खाली गेलं की थांबायचं, दोन खऱ्या सर्व्ह मारायच्या, मग परत. पोकळ फेऱ्या रेटून संख्या भरण्यात नुकसानच आहे. तीच पोकळ सर्व्ह पक्की होते.

२० जानेवारी

मनातला चेंडूही नेटमध्ये जातो. ही तक्रार येणारच होती.

पहिली चूक म्हणजे ‘डबल फॉल्ट करायचा नाही’ असं स्वतःला बजावणं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि अस्वल हटेना. काय टाळायचं हे तपासत राहायला ते मनात धरून ठेवावंच लागतं. म्हणून स्क्रिप्टमधून ‘नको’, ‘नाही’, ‘चुकू नये’ असे सगळे शब्द काढले. ‘नेटमध्ये नको’च्या जागी ‘खिडकीतून’.

दुसरी चूक, चुकीचं चित्र ताबडतोब पुसून यशस्वी चित्र चिकटवणं. टॉस तोच, स्विंग तोच आणि चेंडू मात्र जादूने आत. त्यापेक्षा फेरी तिथेच तोडायची, एक श्वास, आणि बिघडलेला तुकडाच पुन्हा घ्यायचा. बहुतेक वेळा तो टॉस असतो: मनात चेंडू पुढे पडतो, मग धड कमरेत वाकतं आणि डावा हात लवकर खाली येतो. टॉस दोनदा योग्य जागी आला की मगच पूर्ण सर्व्ह.

ही फेरी संथ करून सोडवायचा मोह होतो. संथ चित्र टॉसची जागा समजून घ्यायला चालेल, पण सत्राची शेवटची फेरी खऱ्या वेगानेच. संथ सरावात चेंडू हवेत तरंगतो आणि ८ जानेवारीची सगळी मेहनत वाया जाते.

तिसरा दोष उलट प्रकारचा: फटक्यानंतर चेंडू गायबच होतो. कारण प्रत्यक्षातही खेळाडू तो बघत नाही, मारल्या मारल्या मान खाली जाते. उपाय कोर्टावर आहे. पाच सर्व्ह मारून जागेवर थांबायचं आणि चेंडू दुसऱ्यांदा जमिनीला लागेपर्यंत बघत राहायचं. जे डोळ्यांनी साठवलंच नाही ते मन आणणार कुठून?

२४ जानेवारी

काहींना चित्र दिसतच नाही. याला ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. अशा खेळाडूला ‘अजून प्रयत्न कर’ म्हणणं निरर्थक आहे. त्याच्यासाठी स्क्रिप्टमधली दृश्यं काढून आवाज आणि अंगातली जाणीव ठेवली: टप, टप, टप, टप, विराम, श्वास आत, पोटऱ्यांत ताण, रॅकेटचं वजन, श्वास बाहेर, घासल्याचा आवाज, पाय जमिनीला. वेळेची तपासणी तीच, ‘टक्-टक्’ची.

चित्रं लख्ख दिसणाऱ्यांनीही आठवड्यातून एकदा ही आवृत्ती करून बघावी. नुसत्या चित्रांवर विसंबलेल्यांची लय इथे उघडी पडते.

२८ जानेवारी

मोठी दुरुस्ती. पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवी होती.

दोन गुणांमध्ये नियमाने जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात. पण ते पहिल्या सर्व्हच्या आधी. पहिली फॉल्ट गेली की दुसरी विनाविलंब करायची असते. म्हणजे ज्या सर्व्हसाठी एवढी लांबलचक स्क्रिप्ट लिहिली, तिच्या आधी ती म्हणायला वेळच नाही. घाईत दामटली तर फेरी अर्धवट तुटते, आणि अर्धवट फेरीनंतर मारलेली सर्व्ह काहीही न करता मारलेल्या सर्व्हपेक्षा वाईट.

म्हणून दोन स्क्रिप्ट. लांब स्क्रिप्ट सरावाच्या दिवशी, आणि सामन्यात फार तर बाजू बदलतानाच्या ९० सेकंदांत एकदा. आखूड स्क्रिप्ट पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हमध्ये, तीनच गोष्टी: खिडकी, कड वर, श्वास बाहेर. हे चेंडू आपटतानाच व्हायला हवं, त्यासाठी वेगळं थांबायचं नाही. मोजणी: पहिलं आपटणं ते टॉस एवढ्या वेळात बसते का? बसत नसेल तर ‘कड वर’ एवढंच ठेवायचं.

२५ सेकंदांचं वाटप, पहिल्या सर्व्हच्या आधी: पहिले ८ ते १० मागच्या गुणाला सोडून देण्यात (तारांकडे नजर, चालणं, लांब उच्छ्वास), सर्व्ह कुठे मारायची हे ठरवण्यात ४, मग बेसलाइनवर आखूड स्क्रिप्ट, उरलेले आपटण्यात. आधी ठरवणं, मग कल्पना. कल्पना चालू असताना ‘बाहेर मारू की टीवर’ (टी म्हणजे सर्व्हिस लाइन आणि मध्यरेषा मिळतात ती जागा) हा विचार आला की दोन्ही बिघडतात.

१ फेब्रुवारी

भावना आता. पहिले तीन आठवडे मुद्दाम बाहेर ठेवली होती. लय पक्की नसताना दडपण घातलं तर दडपणाखालची वेडीवाकडी सर्व्ह घोकली जाते.

पद्धत: बेसलाइनपासून नेटपर्यंत (११.८८५ मीटर) चार वेळा पळत जाऊन-येऊन, श्वास लागलेला असताना बेसलाइनवर उभं राहायचं. गुण ३०-४०, म्हणजे हा गुण गेला तर गेम गेला, आणि पहिली फॉल्ट गेलेली. आखूड स्क्रिप्ट, मनात एक, लगेच खरी एक. असं सहा वेळा. धाप लागली की आपटण्याची गती वाढते, म्हणून इथे घड्याळ पुन्हा बाहेर काढायचं.

टाळ्या, करंडक, गुण जिंकल्यावरची मूठ हे काही घालायचं नाही. ते दिवास्वप्न. त्याने हुरूप येत असेल, टॉस सुधारत नाही.

५ फेब्रुवारी

टॉसची उंची कमी केली, तर वहीतले वेळ बाद. नवा व्हिडिओ, नवी सरासरी, स्क्रिप्टमध्ये बदल. जुनी स्क्रिप्ट चालू ठेवली तर कोर्टावर एक आणि मनात दुसरी अशा दोन सर्व्ह एकमेकींना खेचत राहतात.

८ फेब्रुवारी

कोर्ट नाही, किंवा खांद्याला विश्रांती: फक्त मनातल्या १० फेऱ्या, दोन गटांत, रॅकेट हातात. फेरीत दुखणं जाणवलं तर थांबायचं. दुखरी हालचाल घोकण्यात अर्थ नाही.

१२ फेब्रुवारी

रिटर्नवर एक चाचपणी. इथे वरचं सगळं जसंच्या तसं चालत नाही, कारण चेंडू दुसऱ्याच्या हातात. खेळाडू मनात नेहमी बॅकहँडकडे येणारीच सर्व्ह बघतो आणि तिलाच उत्तर देतो. असा सराव म्हणजे अंदाज बांधून आधीच सरकायची सवय.

तोडगा: तीन चिठ्ठ्या. बाहेर, अंगावर, टी. खेळाडू मनात प्रतिस्पर्ध्याचा टॉस बघतो आणि फटक्याच्या क्षणी ‘हं’ म्हणतो, त्याच क्षणी जोडीदार चिठ्ठी उघडून ओरडतो. स्प्लिट स्टेपमध्ये पाय जमिनीवरून ‘हं’च्या किंचित आधी सुटलेले हवेत, म्हणजे दिशा कळेपर्यंत उतरता येतं. पाय ‘हं’नंतर उचलले तर एक पाऊल गेलंच. ही स्टेप प्रत्यक्ष करायची, फटका मनात. सध्या एवढंच.

१५ फेब्रुवारी

पुन्हा मोजणी. चेंडू तेवढेच जुने, कोर्ट तेच, वेळ तीच. वारा असेल तर मोजणी पुढे ढकलायची, टॉसवर वारा सगळ्यात आधी बसतो.

आकडा वाचताना सांभाळून. ४० पैकी २८ आत टाकणाऱ्याची दुसरी फेरी काहीही न बदलता २५ किंवा ३१ येऊ शकते. निव्वळ योगायोगाने तेवढं वरखाली होतं. म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं आणि १२० ची बेरीज सुरुवातीच्या १२० शी लावायची. सुरुवातीला एकच दिवस मोजलं असेल तर तुलना कच्चीच आहे असं वहीत स्पष्ट लिहायचं. बॅकहँडचा आकडाही तेवढाच वाढला असेल तर श्रेय मनातल्या सरावाला देता येणार नाही, खेळाडू एकूणच जास्त खेळला असणार.

बेरजेआधी ‘ने’ आणि ‘लां’ बघायचे. नेटमधल्या फॉल्ट कमी होऊन लांब जाणाऱ्या वाढल्या असतील, तर खिडकी मनात बसली आहे पण घासणं अजून बसलेलं नाही. चेंडू वरून जातो, फिरकी कमी पडते म्हणून खाली येत नाही. अशा वेळी खिडकी खाली आणायची नाही. स्क्रिप्टमध्ये ‘खिडकी’ आणि ‘कड वर’ यांचा क्रम उलटा करून पुढचे दहा दिवस चालवायचं.

उरलेल्या दोन मोजण्या १८ आणि २१ फेब्रुवारीला. तोवर स्क्रिप्टला हात लावायचा नाही.